पलंगाखाली सोडलेला पाय

रात्री दोन वाजता वॉर्डात चक्कर मारली, की पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसलेला एखादा पेशंट दिसतो. आडवं पडलं की पाय ठणकतो. खाली सोडला की उतारानं थोडं रक्त पोचतं. अंगठा काळा पडत चाललेला. वय चाळिशीच्या आतबाहेर, आणि उशीखाली बिडीबंडल. हा बर्जरचा आजार. लिओ बर्जर यांनी १९०८ साली न्यूयॉर्कमध्ये त्याचं सविस्तर वर्णन केलं. यात हातापायाच्या बारीक धमन्याच बुजतात. बायपास करायचा, तर जोड द्यायला खाली धड नळी उरलेली नसते.

मग अशा पायात नवी रक्तवाहिनी रुजवता येईल का? बॉस्टनच्या सेंट एलिझाबेथ रुग्णालयातले जेफ्री आयझनर या प्रश्नानं झपाटलेले होते. त्यांच्याकडे जपानहून आलेले ताकायुकी असाहारा होते. सुट्या पेशींपासून कोरी रक्तवाहिनी फक्त गर्भात तयार होते, मोठेपणी जुन्या वाहिनीला फांद्या फुटतात तेवढंच, असं तोवर आम्ही शिकत होतो. असाहारांनी मोठ्या माणसाच्या रक्तातून सीडी३४ ही खूण असलेल्या पेशी वेचल्या. काचेवर त्या चिकटल्या, लांबुळक्या झाल्या, रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींसारख्या वागू लागल्या. पायाचा रक्तपुरवठा तोडलेल्या प्राण्यांना टोचल्यावर त्या नेमक्या त्याच पायाच्या केशवाहिन्यांत सापडल्या! १९९७ चा हा शोधनिबंध वाचताना मला अजून भरून येतं. आयझनर मात्र २००१ मध्ये, ५३ व्या वर्षी, हृदयविकारानंच गेले.

पुढच्याच वर्षी जपानी डॉक्टरांनी रुग्णांच्या कमरेच्या हाडातून सुमारे ५०० मिलिलिटर मज्जा काढली, तिच्यातल्या पेशी वेगळ्या केल्या आणि पोटरीत चाळीस ठिकाणी टोचल्या. दुखणं कमी झालं, चालणं वाढलं. जगभर आशा पसरली.

इथे मला थोडं थांबायचंय. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या चाचणीचा निकाल आला. १६० रुग्ण, निम्म्यांना मज्जेतल्या पेशी धमनीतून दिल्या, निम्म्यांना नुसतं औषधाविना द्रावण. पाय कापावे लागण्यात फरक पडला नाही. आणि द्रावण मिळालेल्यांनाही बरं वाटू लागलं होतं. म्हणून ‘पेशी टोचल्या आणि पेशंट सुधारला’ एवढ्यावर कुणी लाखांचं बिल लावत असेल, तर तुलना कशाशी केली, हे विचारायचा तुमचा हक्क आहे.

त्या पेशींबद्दलची समजही बदलली. त्यातल्या बऱ्याच स्वतः नळी होत नाहीत. आजूबाजूच्या वाहिन्यांना वाढायचे रासायनिक निरोप देतात. बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्सचं स्टेम्प्युसेल हे पोटरीत टोचायचं औषध याच वाटेवरचं. दात्यांच्या मज्जेतून वाढवलेल्या पेशी त्यात असतात. बर्जरच्या रुग्णांसाठी त्याला आपल्याकडे मंजुरीही मिळाली आहे.

तरी वॉर्डात माझं पहिलं काम ठरलेलं असतं. मी त्या पेशंटशेजारी बसतो आणि उशीखालचं बंडल मागून घेतो. बिडी चालू राहिली, तर नव्या वाहिन्याही बुजतील.