डोनाल्डच्या भाच्यांची आई

नमस्कार मंडळी. जेवणाच्या आत आटपायची तंबी मिळाली आहे, म्हणून थेट विषयाला हात घालते.

टीव्हीवरच्या कार्टूनचा विषय निघाला की आपल्या पिढीचं पालुपद ठरलेलं: "हल्ली यांना नवीन काही सुचतच नाही, आमचीच जुनी कार्टून्स रंगरंगोटी करून खपवतात." तक्रार अगदीच खोटी नाही. नाव ओळखीचं असलं की वाहिनीची जोखीम कमी होते आणि आईबापही हरखून मुलांशेजारी येऊन बसतात. २०१६ मध्ये 'पॉवरपफ गर्ल्स' या तीन चिमुकल्या शूर मुली परत आणल्या तेव्हा तिघींचे मूळ आवाज बदलले आणि महापौरांची कर्तबगार सेक्रेटरी मिस बेलम गाळून टाकली. तिची उणीव भरून काढेल असं मला त्यात काही सापडलं नाही. असल्या रीमेकची वकिली मी करणार नाही.

पण बदकांच्या साहसांचं कार्टून 'डकटेल्स' घ्या. नव्वदच्या दशकात आपण ते दूरदर्शनवर हिंदीतून बघायचो. या सभागृहातल्या कित्येकांना शीर्षकगीत अजून तोंडपाठ असेल. २०१७ मध्ये ते नव्याने आलं तेव्हा माझ्या बरोबरीच्यांनी नाकं मुरडली. ओरिजिनल ते ओरिजिनल! अहो, पण १९८७ चं ते ओरिजिनल तरी कुठे कोऱ्या पाटीवर लिहिलेलं होतं? त्यातला डोनाल्ड डकचा गडगंज मामा, अंकल स्क्रूज, हा कार्ल बार्क्स या चित्रकाराने १९४७ मध्ये कॉमिक्ससाठी निर्माण केला. नाण्यांच्या ढिगात सूर मारणं, बीगल बॉईजची टोळी, जादूगारीण मॅजिका, सगळं त्याचंच. मालिकावाल्यांनी डोनाल्डला नौदलात धाडलं आणि विमान आपटण्यात पटाईत लाँचपॅड व छोटी वेबी ही पात्रं पदरची घातली. आपण लहान होतो म्हणून ते आपल्याला पहिलं वाटलं, एवढंच.

नव्या मालिकेने काय केलं? ह्युई, ड्युई, लुई हे डोनाल्डचे भाचे. जुन्या मालिकेत तिघांना एकाच अभिनेत्रीचा, रुसी टेलरचा आवाज होता. टोपीच्या रंगावरून ओळखायचे. नव्यात तिघांना तीन आवाज आणि तीन स्वभाव मिळाले. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, डोनाल्ड मामा, तर मग या पोरांची आई कुठाय? आपण इतके रविवार बघत बसलो, पण कुणाच्या मनात हा प्रश्न आला होता का? नव्या मालिकेत पहिल्याच कथेच्या शेवटी ड्युई एका जुन्या चित्राचा फाटका कोपरा उलगडतो, आणि खाली मामाच्या सोबत आई दिसते. डेला. पुढे कळतं, पोरं अजून अंड्यात असताना ती कुणाला न सांगता स्क्रूजचं रॉकेट घेऊन गेली आणि चंद्रावर अडकली.

१९८९ च्या कॅपकॉम कंपनीच्या 'डकटेल्स' व्हिडिओ गेममध्ये चंद्राच्या टप्प्यावर एक बिनशब्दांची धून होती. नव्या मालिकेने तिला शब्द दिले आणि डेलाची अंगाई केली. जुन्यातला एक कोपरा उचलून त्याचं असं सोनं करणं, याला मी नक्कल म्हणायला तयार नाही. आणि आई परतल्यावर लगेच सगळं गोडधोड होत नाही, हे मला फार आवडलं. दहा वर्षं न पाहिलेल्या मुलांशी वागायचं कसं, हे तिला उमगत नाही. लुईशी तर चांगलेच खटके उडतात.

जुनीच गोष्ट नव्याने सांगायची खोड आपल्याकडेही आहेच. आपल्या मोरोपंतांनी म्हणे एकशेआठ रामायणं रचली. त्यातल्या निरोष्ठ रामायणात ओठ जुळतील असं अक्षरच नाही, म्हणजे 'राम' म्हणायचीसुद्धा सोय नाही! कथा घरोघरी ठाऊक होती म्हणून ही मस्ती चालली.

आता एक भांडण. मुलांनो, २०२१ चा शेवटचा भाग पाहिला नसेल तर कानावर हात ठेवा. वेबी ही घरकाम बघणाऱ्या मिसेस बीकलीची नात. नात्याची ना गोत्याची, तरी साहसात सगळ्यांच्या पुढे, स्क्रूजची लाडकी. शेवटी काय, तर ती स्क्रूजच्याच डीएनएपासून घडलेली निघते! हे मला मुळीच पटलेलं नाही. रक्ताचं नातं नसताना ती त्या घरची झाली होती, आणि ते १९८७ वाल्यांनाही इतकं छान जमलं नव्हतं. तिला वारस ठरवायला कुठल्या चाचणीची गरज नव्हती.