सीआरपी वाढलाय, पण पायाची पट्टी सोडली का?

कोविडच्या दुसऱ्या लाटेत, 2021च्या एप्रिल-मेमध्ये, घराघरांत विचारपूस एकाच भाषेत व्हायची. सीटी स्कॅनचा स्कोअर किती, ऑक्सिजन किती, सीआरपी किती? यातल्या सीआरपीबद्दल, म्हणजे शरीरात दाह असला की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाबद्दल, मला आज बोलायचंय. मधुमेहामुळे ज्याच्या पायाला जखम आहे, त्याच्या बाबतीत हा आकडा आम्हा डॉक्टरांनाही चकवतो.

साठीतले एक गृहस्थ कोविडने दाखल झाले. सीआरपी शंभरच्या वर. फुप्फुसं बिघडलेली दिसत होती, मग दुसरं कारण कोण शोधतंय? डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड सुरू झालं. पाचव्या दिवशी सीआरपी उतरला, आम्ही सुटकेचा श्वास टाकला. त्या रात्री सिस्टर म्हणाल्या, "सर, मास्कमधूनसुद्धा वास येतोय." पट्टी घरूनच बांधून आलेली, कुणी सोडलीच नव्हती. अंगठ्याखाली जखम. बोथट सळई आत घातली तर थेट हाडाला टेकली. ते शांतपणे छताकडे बघत होते. संवेदनाच गेलेल्या, दुखणार काय! चूक आमची होती, आणि ती मला अजून डाचते.

असं का होतं? सीआरपी यकृत बनवतं, मुख्यतः इंटरल्युकिन-6 या दाहाची खबर देणाऱ्या प्रथिनाचा निरोप आला की. सहा-आठ तासांत तो चढू लागतो, दोनेक दिवसांत शिगेला पोचतो. आग लागलीय एवढं तो सांगतो. फुप्फुसात की पायात, ते नाही. त्यात स्टिरॉइडने तो उतरतो, साखर मात्र चढते आणि पायातल्या जंतूंचं फावतं. कोविडमध्ये टोसिलिझुमॅब दिलं असेल तर आणखी पंचाईत. हे औषध इंटरल्युकिन-6चा निरोपच अडवतं, म्हणून आत पू साठलेला असतानाही सीआरपी नॉर्मलच्या जवळ दिसू शकतो.

पांढऱ्या पेशींचंही तेच. कोविडमध्ये लिम्फोसाइट घटतात, पायाच्या जंतुसंसर्गात न्यूट्रोफिल वाढतात, स्टिरॉइडनेही वाढतात. दोन्हींचं गुणोत्तर तिन्ही कारणांनी वरच जातं. प्रोकॅल्सिटोनिन ही रक्तातली आणखी एक खूण थोडी कामाला येते: जिवाणूंमुळे ते वाढतं, नुसत्या विषाणूमुळे सहसा फारसं नाही. पण संसर्ग पायापुरताच असला तर तेही गप्प बसू शकतं, आणि मूत्रपिंड कमकुवत असेल तर उगाचच वाढलेलं दिसतं. ईएसआर, म्हणजे नळीत रक्तातल्या लाल पेशी खाली बसण्याचा वेग, तासाला 70 मिलिमीटरच्या वर गेला की हाडात संसर्ग उतरल्याची शंका घ्यायची. मात्र रक्त कमी असलं तरी तो वाढतो, आणि आपल्याकडे मधुमेहाच्या किती रुग्णांचं हिमोग्लोबिन धड असतं?

त्या गृहस्थांचा अंगठा काढावा लागला, पाऊल वाचलं. तेव्हापासून तापाचा कुठलाही मधुमेही आला, की रिपोर्ट हातात घेण्याआधी मी दोन्ही पायांतले मोजे काढायला लावतो, बोटांच्या बेचक्याही बघतो. जखम असेल तर रोज ड्रेसिंगच्या वेळी तिचा फोटो काढायचा, आणि त्या दिवशीचा सीआरपी त्या फोटोशेजारी ठेवून वाचायचा.