एका प्लॉटवर किती दारं?

[दृश्य: उंच रेडवुड झाडांतून जाणारा वळणाचा रस्ता. प्रत्येक फाटकाआड एकच घर.]

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात, सॅन फ्रान्सिस्को आणि सॅन होजेच्या मधे, वुडसाइड नावाचं एक गाव आहे. वस्ती पाच हजारांच्या आसपास, पण घराघराला घोडा बांधता येईल एवढी जागा. सिलिकॉन व्हॅलीतली गब्बर मंडळी इथे राहतात. जानेवारी २०२२ मध्ये इथल्या नगर प्रशासनाने जाहीर केलं, की आमचं अख्खं गाव प्यूमाचं, म्हणजे तिकडच्या डोंगरी सिंहाचं, वसतिस्थान आहे. सबब एका प्लॉटवर दोन घरांना परवानगी देता येत नाही.

जुनं घर पाडून तिथेच त्याहून मोठा बंगला बांधायला मात्र या फतव्याची आडकाठी नव्हती. सिंहाला एक कुटुंब चालत होतं, दोन चालत नव्हती.

राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल रॉब बाँटा यांनी कान उपटले. जिथे आधीच बंगले उभे आहेत ती जमीन सिंहाची कशी, असा त्यांचा साधा सवाल होता. फेब्रुवारीत गावाने माघार घेतली.

[दृश्य: सॅक्रामेंटो, विधिमंडळाचा घुमट.]

गावाला धडकी भरवणाऱ्या राज्याच्या कायद्याचं नाव एसबी ९, म्हणजे सेनेट बिल ९. राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांना पदावरून हटवण्यासाठी मतदान झालं, त्यातून ते तरले आणि दोनच दिवसांनी, १६ सप्टेंबर २०२१ रोजी, त्यांनी यावर सही केली. एका कुटुंबासाठी राखलेल्या प्लॉटचे दोन तुकडे करता येतील, प्रत्येक तुकड्यावर दोन घरं बांधता येतील. म्हणजे एकाची चार. आपल्याकडे ज्याने एकदा रीडेव्हलपमेंटची मीटिंग पाहिली आहे, त्याला ‘एवढ्यावरून एवढं?’ असं वाटेल. पण तिथे हा शंभर वर्षांचा गड होता.

[दृश्य: बर्कली, एल्मवूड. जुनी लाकडी घरं.]

एका प्लॉटवर एकच कुटुंब, या नियमाची सुरुवात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बर्कली शहराच्या एल्मवूड भागात १९१६ मध्ये झाली असं मानतात. पुढच्याच वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वंशावरून वस्त्या वेगळ्या करणारे शहरी नियम रद्द केले. वंशाचं नाव घेता येईना, तेव्हा घराचा आकार कामी आला. स्वस्त घर बांधूच दिलं नाही, तर कोण येणार नाही हे वेगळं लिहावं लागत नाही. १९२६ मध्ये, क्लीव्हलंडजवळच्या युक्लिड गावाच्या खटल्यात, त्याच न्यायालयाने अशा विभागणीवर शिक्कामोर्तब केलं. न्यायमूर्ती सदरलंड यांनी निकालपत्रात बंगल्यांच्या वस्तीत शिरलेल्या अपार्टमेंटला चक्क बांडगूळ म्हटलं.

त्यात १९७८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रॉपोझिशन १३ हा घरपट्टीचा नियम थेट मतदानाने मंजूर केला. घरपट्टी खरेदीच्या किमतीवर ठरणार आणि तिचा आधार वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढणार. जुन्या मालकाच्या घराची किंमत दहापट झाली तरी घरपट्टी जागच्या जागी. शेजारी काल घर घेतलेलं जोडपं तसल्याच घरासाठी कितीतरी पट भरतं. घरांचा तुटवडा जुन्या मालकाला टोचतच नाही, उलट पावतो.

[दृश्य: नगर परिषदेची जाहीर सुनावणी. माइकसमोर रांग.]

सुनावणीला गेलात तर पैशाचं नाव कुणी काढत नाही. दोन-तीन मिनिटं मिळतात, घंटा वाजते. गाड्या कुठे लावणार? शाळेत जागा आहे का? दुसऱ्या मजल्यावरून आमच्या मागच्या अंगणात दिसेल. फ्रीमाँट, क्युपर्टिनो, सनीवेलसारख्या गावांत मराठी घरं भरपूर आहेत. तीस वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन ज्याने घर घेतलं, त्याला ही भीती परकी नाही. एक हरकत तर पूर्ण खरी आहे. डोंगरातल्या मोजक्या रस्त्यांनी अख्खं गाव बाहेर काढायचं म्हणजे काय, ते २०१८ च्या वणव्यात कॅलिफोर्नियातल्याच पॅराडाइज गावाने पाहिलं. त्या वणव्यात ८५ माणसं गेली.

पण वुडसाइडशेजारच्या श्रीमंत अ‍ॅथर्टन गावाला काय झालं होतं? अमेरिका पुरेशी घरंच बांधत नाही, असं २०२० मध्ये तावातावाने लिहिणारे गुंतवणूकदार मार्क अँड्रीसन यांनी २०२२ मध्ये आपल्याच गावातल्या बहुकुटुंब घरांना पत्र लिहून विरोध केला. पुढच्या वर्षी बास्केटबॉलपटू स्टीफन करीचंही पत्र आलं: शेजारच्या प्लॉटवर टाउनहोम नकोत.

[दृश्य: मागच्या अंगणात उभं राहत असलेलं छोटं घर.]

इतकं रण माजलं, मग घरं किती झाली? बर्कली विद्यापीठातल्या टर्नर सेंटर या गृहनिर्माण अभ्यासकेंद्राने एसबी ९ मुळे सुमारे ७ लाख घरांची शक्यता मांडली होती. पहिल्या वर्षी १६ शहरांत मिळून नव्या घरांसाठी आलेले अर्ज तीनशेच्याही आत होते. बऱ्याच गावांनी उंची, झाडं, दर्शनी भाग यांच्या अटींत कायदा गुंडाळून ठेवला.

उलट परसातलं आउटहाउस घ्या. त्याच्यासाठी २०१६ पासून राज्य वर्षागणिक एकेक अडसर काढत गेलं: बाजूला आणि मागे हद्दीपासून सोडायचं अंतर चार फुटांवर आणलं, पार्किंगची अट सैल केली, परवानगीला मुदत घातली. आता अशा घरांना वर्षाला वीस हजारांहून जास्त परवाने मिळतात. आमच्या मते खरी लढाई तिथे जिंकली गेली, आणि तिचे मथळे फारसे झाले नाहीत.

एसबी ९ ची डागडुजीही त्याच वाटेने चालली आहे. २०२५ पासून ६० दिवसांत निर्णय दिला नाही, तर अर्ज मंजूर धरायचा. प्लॉटचे तुकडे करणाऱ्याने तीन वर्षं तिथेच राहण्याचा इरादा लिहून द्यायचा, ही अट मात्र कायम आहे. ती घातली सट्टेबाजांना रोखायला. पण तिच्यामुळे बांधायला पैसा असलेला बिल्डर बाहेर राहतो. आणि प्लॉट ज्यांच्या नावावर आहे त्या निवृत्त जोडप्याला, तुटपुंज्या पेन्शनवर, दुसऱ्या घरासाठी बँक कर्ज देत नाही.