मार्सेलिस: जुन्या बंदरापासून नव्या धक्क्यापर्यंत

श्रोतेहो, नमस्कार.

मार्सेलिस हे नाव आपल्याला भूगोलापेक्षा इतिहासाच्या पुस्तकात आधी भेटते. 8 जुलै 1910 रोजी सकाळी विनायक दामोदर सावरकरांनी 'मोरिया' बोटीच्या गवाक्षातून उडी घेतली, ती याच शहराच्या पाण्यात. त्यामुळे दक्षिण फ्रान्सला गेलेला मराठी प्रवासी शहराच्या मधोमध असलेल्या जुन्या बंदराच्या काठावर जातो आणि उडी इथेच कुठेतरी पडली असावी, असे मानून छायाचित्र काढून परततो. ती जागा ही नव्हे. ती का नव्हे, हे सोबत वाटाड्या न घेता, नुसते चालत गेल्याने कसे उमगते, ते आज सांगणार आहे. अंतर जेमतेम तीन-साडेतीन किलोमीटर आहे. मात्र चढ-उतार आहेत आणि 'मिस्त्राल' नावाचा कोरडा वायव्य वारा सुटला, तर उन्हातही अंगात हुडहुडी भरते.

सकाळी लवकर, बंदराच्या पूर्व टोकाच्या धक्क्यावर मासळी विकणारे उभे असतात, तेव्हा सुरुवात करावी. येथे एक गोष्ट आपल्या कोकणी डोळ्यांना लगेच जाणवते. धक्का पाण्यापासून फार उंच नाही, कारण भूमध्य समुद्राला सांगण्यासारखी भरती-ओहोटी नाही. मुंबईत उधाणाच्या दिवशी पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते आणि म्हणून गोद्यांना दारे बसवावी लागली. येथे मात्र होडी अडीच हजार वर्षे सरळ काठाला लागत आली. पायाखालच्या धातूच्या पाटीवर लिहिले आहे की, इसवी सनापूर्वी 600च्या सुमारास फोकाया येथून आलेले ग्रीक खलाशी येथे उतरले. हे फोकाया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील फोचा. दंतकथा अशी की, स्थानिक राजाची कन्या जिप्तिस ज्या दिवशी वर निवडणार होती, त्याच दिवशी ग्रीकांचा म्होरक्या प्रोतिस मेजवानीला येऊन बसला आणि तिने पेला त्याच्याच हाती दिला. हे स्वयंवरच झाले; फक्त वरमालेऐवजी पेला.

बंदराच्या मागे, एका बाजारसंकुलाला लागून, एक खोलगट बाग आहे. 1967 मध्ये या संकुलासाठी पाया खणताना प्राचीन बंदराचे धक्के आणि नगराची तटबंदी हाती लागली. आज तेथे गवत आहे. समुद्र पूर्वी येथवर होता आणि गाळाने मागे सरला, हे कळायला या बागेत पाच मिनिटे उभे राहणे पुरेसे आहे. बंदरे जागा बदलतात, हा आपल्या फेरीचा पहिला धडा.

आता पाणी डाव्या हाताला ठेवून उत्तर काठाने चालावे. सतराव्या शतकातील नगरभवन सुरेख आहे, पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या इमारती एकसारख्या आणि विसाव्या शतकातील का, हा प्रश्न पडला पाहिजे. जानेवारी 1943 मध्ये जर्मन सैन्याने फ्रेंच पोलिसांच्या मदतीने ही वस्ती वेढली, सुमारे 20 हजार लोकांना बाहेर काढले, आणि फेब्रुवारीत सुमारे दीड हजार इमारती सुरुंगांनी उडवल्या. पकडलेल्या ज्यूंपैकी अनेकांची रवानगी मृत्युछावण्यांकडे झाली. जे मोजके वाडे वाचले, त्यांपैकी 1535चा 'ओतेल द काब्र' मला फार बोलका वाटतो. युद्धानंतर नवा रस्ता आखला गेला तेव्हा हे दगडी घर अख्खेच्या अख्खे उचलून काटकोनात वळवले गेले. युद्धातून वाचलेल्या घरालाही रस्त्यापुढे तोंड फिरवावे लागले!

तेथून पायऱ्या चढल्या की 'पानिए' ही वस्ती लागते. अरुंद बोळ, दोरीवर वाळणारे कपडे, भिंतींवरची चित्रे, हे सर्व छायाचित्रांत असतेच. त्यावर मी वेळ घालवत नाही. वेळ द्यावा तो 'व्हिएय शारिते' या वास्तूला. याच शहरात जन्मलेल्या पिएर प्युजेने सतराव्या शतकात हिचा आराखडा केला. मध्ये अंडाकृती घुमटाचे प्रार्थनामंदिर, भोवती तीन मजली कमानींच्या ओवऱ्या आणि बाहेरच्या रस्त्याकडे जवळजवळ कोऱ्या भिंती. हेतू होता भिकाऱ्यांना आणि निराधारांना कोंडून ठेवण्याचा. इतकी देखणी कमान कोंडवाड्यासाठी का उभारावी, याचे उत्तर मला आजवर सुचलेले नाही.

टेकडी उतरून बंदराच्या मुखाशी आलो की समोरासमोर दोन किल्ले दिसतात. बंडखोर शहराला वठणीवर आणण्यासाठी चौदाव्या लुईने 1660च्या दशकात हे काम काढले आणि तोफांचा रोख समुद्राइतकाच शहरावरही ठेवला. आपल्याकडे जलदुर्ग पाहण्याची सवय असल्याने आपण सहजच तोफा समुद्राकडे शोधतो. येथे मागे वळून पाहावे. उत्तरेकडील सेंट जॉनच्या किल्ल्यावरून 115 मीटरचा अरुंद पादचारी पूल 2013 साली उघडलेल्या भूमध्यसागरी संस्कृतींच्या संग्रहालयावर जातो. त्याच्या काँक्रीटच्या जाळीतून समुद्र तुकड्यातुकड्यांनी दिसतो.

पट्ट्यापट्ट्यांचे कॅथेड्रल उजवीकडे ठेवून किनाऱ्याने उत्तरेस निघाले की जोलिएत हा गोद्यांचा भाग येतो. जुने बंदर लहान आणि उथळ. आगबोटी मोठ्या होऊ लागल्या तशी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास येथे नवी गोदी बांधली गेली. 1869 साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर मुंबईहून आलेला घाईचा प्रवासी मार्सेलिसला उतरून रेल्वेने इंग्लंडसमोरच्या कॅले बंदराला जाई आणि जिब्राल्टरचा वळसा टाळी. 26 सप्टेंबर 1914 रोजी पश्चिम आघाडीकडे निघालेल्या हिंदी सैन्याची पहिली तुकडी मार्सेलिसलाच उतरली. 1931 मध्ये गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजीही.

तेव्हा 'मोरिया'सारखी बोट जुन्या बंदरात शोधू नये. ती शोधायची या नव्या गोद्यांच्या बाजूला. पोहून धक्क्यावर चढलेल्या सावरकरांना काही मिनिटांतच एका फ्रेंच शिपायाने धरले आणि बोटीवर परत सोपवले. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या माणसाला असे परत देता येते का, हा वाद हेगच्या लवादापुढे गेला आणि सुपूर्दगीत अनियमितता झाली हे मान्य करूनही 24 फेब्रुवारी 1911 रोजी निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. आज गोदीच्या बहुतेक भागाला कुंपण आहे, आत जाता येत नाही. मात्र शेजारच्या बाजारसंकुलाच्या लांबलचक गच्चीवरून कॉर्सिका आणि अल्जीरियाला जाणारी जहाजे, धक्के आणि त्यांच्यामधले काळसर निळे पाणी स्पष्ट दिसते. छायाचित्र काढायचे असेल, तर येथून काढावे.

नमस्कार.