ऊसतोडीच्या तळावरचे मूल

नमस्कार श्रोतेहो. निपाणी, चिकोडी, अथणी भागातल्या साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला, की बीडकडून ऊसतोडीचे कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, इकडे उतरतात आणि त्यांच्याबरोबर तान्ही मुलेही येतात. त्यांतल्या अपंग मुलांवर वेळेवर उपचार कसे होतील, याविषयी आज बोलायचे आहे.

2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात फिरते पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीतली मुले तपासते आणि गरजेप्रमाणे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, म्हणजे अशा मुलांवर लवकर उपचार करणाऱ्या केंद्राकडे, पाठवते. योजना चांगली आहे. मात्र मूल एका जागी राहते, हे तिने गृहीत धरले आहे. गावी पथक येते तेव्हा हे मूल इकडे उसाच्या फडावर असते आणि इथल्या अंगणवाडीच्या पटावर अनेकदा त्याचे नाव नसते.

जन्मतः वाकडे असलेले पाऊल पोन्सेटी पद्धतीने, दर आठवड्याला प्लास्टर बदलत, साधारण पाच-सहा प्लास्टरांत सरळ होते. पुढे पट्टीला जोडलेले खास बूट तीन महिने जवळजवळ दिवसरात्र आणि नंतर चौथ्या वर्षापर्यंत झोपताना घालावे लागतात. पहाटे अंधारात फडावर जाणाऱ्या आईने दर आठवड्याला बेळगाव गाठायचे, तर खाडा पडतो आणि मुकादम तो हिशेबात लावतो. तिला निष्काळजी ठरवण्याआधी प्लास्टरचा दिवस तिच्या सोयीने ठरवता येईल का, हे पाहिले पाहिजे.

गरोदरपणी ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, हा ठपका बहुधा सुनेवरच येतो. तो खोटा आहे, हे सासूच्या समोर, तिचा मान राखून सांगावे; कारण कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, दिवसभर मूल सांभाळणारी अनेकदा तीच असते, आणि व्यायामही तिलाच शिकवायचा असतो.

बोलायला उशीर झालेल्या मुलाच्या घरच्यांना मराठी सोडून कन्नडच बोलायला सांगणे चुकीचे आहे. दोन भाषांमुळे मूल मागे पडत नाही, हे सीमाभागातल्या आपल्याला वेगळे सांगायला नको. आईने आपल्याच बोलीत भरपूर बोलावे, आणि मुलाची श्रवणतपासणी मात्र लांबवू नये.

मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की कुटुंब परत निघते. त्याआधी केसपेपर, बुटांचा पुढचा जोड आणि गावाकडच्या केंद्राचा फोन नंबर त्यांच्या हाती द्यावा. देशभर चालणारे यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचे ओळखपत्र, काढले नसेल, तर त्याचा अर्जही भरून द्यावा.