नायट्याची कड आणि ट्यूबवरची बारीक अक्षरं

मंडळी, खानापूर तालुक्यात रोप लावण सुरू झाली की भिजलेले कपडे दिवसभर अंगावरच वाळतात. जांबोटी-कणकुंबीकडं तर ऊनच पडत नाही, मग दोरीवरचे आतले कपडे ओलसरच घालावे लागतात. जांघेत, कमरेला नाडी बसते तिथं नायटा उठतो तो यानं. ही बुरशी आहे. रक्त बिघडल्यानं किंवा काही उष्ण खाल्ल्यानं ती होत नाही.

चट्टा चांगल्या उजेडात बघा. नायट्याची कड लालसर, उठलेली आणि बारीक खवल्यांची असते. मधली कातडी निवळत जाते आणि कड बाहेर सरकत राहते. घाम आला की खाज वाढते.

आता मेडिकलमध्ये जाऊन आपण नुसतं “खाजेचं मलम द्या” म्हणतो. हातात येते त्या ट्यूबमध्ये पुष्कळदा स्टेरॉईड असतं. बारीक अक्षरं वाचा, नाहीतर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या : क्लोबेटासोल, बीटामेथासोन, मोमेटासोन. यानं दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, म्हणून आपला विश्वास बसतो. पण बुरशी मेलेली नसते. स्टेरॉईड कातडीची प्रतिकारशक्तीच दाबून टाकतं, त्यामुळं बुरशी बिनधास्त पसरते. मलम थांबवलं की चट्टा परत येतो, तोही मोठा होऊन, आणि कड इतकी पुसट झालेली असते की डॉक्टरांनाही ओळखायला अवघड जातं. जांघेत महिनोन्महिने लावलं तर कातडी पातळ होऊन चिरे पडतात. ते कायमचे. वयात येणाऱ्या मुलींच्या मांडीवर असे चिरे बघितले की जीव तुटतो. सरकारनं 2018 मध्ये अशी मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली, तरी ती सर्रास मिळतात.

नायट्याला नुसतं बुरशीनाशक मलम लागतं, क्लोट्रिमॅझोल किंवा ल्युलिकोनॅझोलसारखं. कडेच्या बाहेर बोटभर जागेपर्यंत लावा आणि चट्टा गेला तरी दोन आठवडे चालू ठेवा. घरात दुसऱ्याला असेल तर त्याचंही बरोबरच करा, टॉवेल वेगळा ठेवा. फार पसरला, चेहऱ्यावर-नखात गेला किंवा तीन आठवड्यांत हलला नाही, तर डॉक्टरांकडं जा. पोटातून गोळ्या लागतात. जाताना लावलेल्या सगळ्या ट्यूबा पिशवीत घालून न्या.

स्टेरॉईड वाईट असं मात्र मी म्हणत नाही. इसबाला तेच लागतं, पण डॉक्टर सांगतील तेवढे दिवस. खरूज वेगळी : बोटांच्या बेचक्यात पुरळ, रात्री खाज, घरात सगळ्यांनाच. तिथं परमेथ्रिनचं मलम गळ्यापासून तळपायापर्यंत रात्रभर लावायचं, सगळ्या घरानं एकाच दिवशी, आणि आठवड्यानं पुन्हा.

आणि एक चट्टा असा, की ज्याला खाजच नसते. फिकट किंवा लालसर, कापसाचा बोळा फिरवला तरी कळत नाही. त्यावर कसलंच मलम लावत बसू नका, तो कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात तपासून घ्या. तिथं गोळ्या फुकट मिळतात, 6 किंवा 12 महिने घ्यायच्या, आणि रोग पूर्ण बरा होतो.