पीएसपीला जीपीएस लावून गाडीत वापरता येतं का? घेण्याआधी हे ऐका

नमस्कार मंडळी! मागच्या पीएसपीच्या, म्हणजे सोनीच्या हातात धरून खेळायच्या जुन्या गेम मशीनच्या, व्हिडिओखाली एकच प्रश्न सारखा येतोय, दादा ते वर लावायचं जीपीएस मिळतंय, घेऊ का? आणि दुसरा, स्टीम डेकला, म्हणजे हातात धरून खेळायच्या गेमिंग कॉम्प्युटरला, यूएसबी जीपीएस लावलं तर मॅप चालेल का? तर आज दोन्हीचं बोलून टाकू.

बेसिक पटकन. सोनीने 2006 च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये पीएसपीसाठी जीपीएस रिसीव्हर काढला, मॉडेल पीएसपी-290. छोटी काळी डबी, वरच्या यूएसबी पोर्टमध्ये बसते. 2008 मध्ये युरोपात तोच प्रकार गो एक्सप्लोर नावाने आला, नकाशे यूएमडीवर, म्हणजे पीएसपीच्या छोट्या डिस्कवर. पीएसपी गो हे नंतरचं मॉडेल असेल तर विषयच सोडा, त्याला ना तो पोर्ट ना डिस्क. झालं.

आता मेन मुद्दा, आणि हा मी आज तीनदा सांगणार आहे, कारण कमेंटमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथेच दिसतो. ती डबी म्हणजे नेव्हिगेशन नाही. ती फक्त रिसीव्हर आहे. उपग्रहाचे सिग्नल ऐकायचे आणि तुम्ही कुठे उभे आहात ते आकड्यात सांगायचं, संपलं तिचं काम. रस्ता, वळण, वनवे यातलं तिला काहीही माहीत नसतं.

माझंच सांगतो. मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मॉड्यूल घेतलं, जाहिरातीत ‘नेव्हिगेशन किट’ लिहिलं होतं. पार्सल उघडलं तर नुसती डबी, डिस्क नाही. विचारलं तर म्हणे डिस्क वेगळी शोधा. मग पीएसपीला कस्टम फर्मवेअर, म्हणजे सोनीचं नसलेलं बदललेलं सिस्टिम सॉफ्टवेअर टाकलं, मॅप-धिस नावाचं होमब्रू, म्हणजे हौशी लोकांनी बनवलेलं ॲप टाकलं आणि संध्याकाळी पुण्यात गच्चीवर गेलो. पाण्याच्या टाकीशेजारी उभा, दोन मिनिटं काही नाही, चार मिनिटं काही नाही, आई खालून हाका मारतेय चहा गार होतोय म्हणून, आणि मग एकदम स्क्रीनवर आले आकडे, 18.52, 73.85. मला खरंच आनंद झाला! 20,200 किलोमीटरवरून फिरणाऱ्या उपग्रहांचा सिग्नल एवढीशी डबी पकडते, हे मला अजूनही भारी वाटतं. पण आकड्यांच्या मागे स्क्रीन कोरी. नकाशाच टाकला नव्हता ना मी. त्या होमब्रूला नकाशाची चित्रं आधी मेमरी स्टिकवर भरून द्यावी लागतात. आपण कुठे आहोत ते कळलं, डावीकडे वळायचं की उजवीकडे ते कोण सांगणार?

एकाने लिहिलंय, माझं जीपीएस खराब आहे, घरात लॉकच होत नाही, म्हणजे जागा सापडतच नाही. अरे मित्रा, खराब नाहीये बहुतेक! सिग्नल फार अशक्त असतो, स्लॅबखाली मिळत नाही. शिवाय उपग्रह कुठे आहे ही माहिती तो उपग्रह स्वतःच दर 30 सेकंदांनी पुन्हा पुन्हा सांगत असतो, ती सलग नीट ऐकू आली पाहिजे. मध्ये झाड आलं, बिल्डिंग आली, की पुन्हा पहिल्यापासून. फोनला हीच माहिती मोबाईल नेटवर्कवरून आयती मिळते, म्हणून फोन झटक्यात लॉक होतो. पीएसपीला कोण देणार? तेव्हा आधी मोकळ्या मैदानात जा, थोडा वेळ द्या, मग ठरवा.

आता दुसऱ्यांदा सांगतो, डिस्कच्या बाजूने. समजा डिस्क मिळाली. माझा मावसभाऊ जर्मनीत असतो, त्याने 2009 मध्ये हे तिथे गाडीत वापरलंय आणि तो आजही कौतुक करतो, कारण तेव्हा फोनवर रोमिंगचा डेटा महाग आणि डिस्कला नेट लागतच नव्हतं. बरोबरच आहे त्याचं. पण ती डिस्क युरोपातल्या रस्त्यांची आहे, ती लावून तुम्ही सातारला कसे जाणार? आणि छापलेली डिस्क अपडेट होत नाही. आपल्या पुण्यातल्या चांदणी चौकाचंच बघा, 2022 मध्ये जुना पूल पाडला, 2023 मध्ये नवे रस्ते सुरू झाले. 2008 चा नकाशा तिथे माणसाला कुठे नेऊन घालेल?

तिसऱ्यांदा, स्टीम डेकवाल्यांसाठी. यूएसबी जीपीएस डेस्कटॉप मोडमध्ये लावा, डेकच्या लिनक्सवर जीपीएसडी, म्हणजे रिसीव्हरचे आकडे वाचणारा प्रोग्राम टाका, आकडे येतील. मला माहितीये येतात. पण पुन्हा तेच, आकडे! नकाशाचं ॲप वेगळं लागणार, ऑफलाइन नकाशे वेगळे उतरवावे लागणार. ऑनलाइन मॅप हवा तर नेट पाहिजे, डेकमध्ये सिम नाही, म्हणजे फोनचं हॉटस्पॉट. अहो, मग फोन हातात चालूच आहे की! त्याच फोनवर मॅप लावा. वर डेकला पोर्ट एकच, चार्जिंग आणि जीपीएस दोन्ही हवं तर हब, म्हणजे एका पोर्टचे अनेक करणारी डबी घ्या. साडेसहाशे ग्रॅमच्या आसपासचं ते धूड डॅशबोर्डवर बसवायचं, गचका बसला की मांडीवर. आणि नियमाचं म्हणाल तर मोटार वाहन नियमांच्या 2020 च्या दुरुस्तीने गाडी चालवताना हातातलं संपर्काचं उपकरण फक्त रस्ता बघायला चालतं, तेही लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीने. गेमिंगचं यंत्र समोर ठेवून हे जमणार नाही, कृपा करून करू नका.

म्हणून माझं उत्तर, रस्ता शोधायला घेऊ नका, अजिबात नको. पीएसपीचा संग्रह करताय, तो काळ हाताळून बघायचाय, तर जरूर घ्या, मी माझं विकणार नाहीये. फक्त पैसे द्यायच्या आधी विक्रेत्याकडून एक व्हिडिओ मागा, उघड्या आकाशाखाली काढलेला, डबी लावलेली, आणि स्क्रीनवर नकाशा सरकताना दिसतोय असा. फक्त आकड्यांचा पाठवला तर नकाशा कुठाय विचारा, आणि डिस्कचा फोटो दोन्ही बाजूंनी मागा.